बंपर, इंडिकेटर आणि भाऊजींचा गुडघा

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग प्रत्यक्ष घातलेला नाही. परवा एक तिघांचा सोफा एकट्यानं उचलला तेव्हापासून कंबर धरली आहे, आणि आता आडवा झालो तर पत्र पुरं व्हायचं नाही. भावना तेवढी पोचावी.) इकडे आम्ही सर्व खुशाल. तिकडची हवा तुम्हाला मानवली का? ताईचा खोकला थांबला का? बदलीच्या गावातलं घर चांगलं आहे, पण जिन्याला कठडा नाही, असं तिनं कळवलं होतं. सांभाळून उतरत जा. आणि तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? त्या गुडघ्याबद्दल मला कायम अपराधी वाटतं. शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून जन्मभर परीक्षा घेणाऱ्या माणसाचा पाय नसलेल्या ब्रेकवर जायचाच, आणि गुडघा समोरच्या कप्प्यावर आपटायचाच. माझ्या परीक्षेच्या वेळी तो जरा जास्त वेळा आपटला, हे मी कधी नाकारलेलं नाही. तुम्ही मला तीनदा नापास केलंत त्याचाही मनात राग नाही. चौथ्या वेळी तुम्ही रजेवर होतात आणि दुसऱ्या साहेबांनी मला लायसन देऊन टाकलं, हे तुम्हाला अजून पटलेलं नाही, ते मी समजू शकतो. (आमच्या हिलाही पटलेलं नाही.)

तुमची गाडी मजेत आहे. तुम्ही सांगून गेलात तसं आठवड्यातून एकदा तिला जागच्या जागी सुरू करतो, चार घटका तिचं म्हणणं ऐकून घेतो आणि बंद करतो. फाटकाबाहेर न्यायची नाही हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की शेजारच्या कुत्र्यालाही ते पाठ झालं असावं. गाडीबद्दल सध्या एवढंच. या पत्राचा मुख्य विषय गाडी नाहीच.

मुख्य विषय तुमचं मागचं पत्र. ते मिळालं. दोनदा वाचलं. शाळेसाठी आमच्याकडे राहिलेल्या तुमच्या भिंगरीनंही वाचलं, कारण पाकिटावर तिचंही नाव होतं. यंत्रांच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तिच्या शाळेचं यंत्र मोडलं ही बातमी तुम्हाला कुठून कळली ते मी विचारत नाही (ताईला सांगा, मी विचारत नाही). पण पुन्हा मोडतोडीची बातमी आली तर शाळेला कळवून पोरीचं नाव संघातून काढून घेईन, असं जे तुम्ही लिहिलंत, ते वाचून ती जी गप्प झाली ती अजून पुरती बोलती झालेली नाही. आमच्या घरात ती गप्प बसते तेव्हा किती शांतता होते ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्या घरात ती नेहमीच गप्प असायची. शिवाय तुम्ही विचारलंत की शाळेच्या यंत्रांच्या भानगडीत सोफे शिवणाऱ्यानं नाक का खुपसावं. त्याचं उत्तर सविस्तर देतो. महत्त्वाचं बोलणं फोनवर करणाऱ्या माणसाचं अर्धं लक्ष दुसरीकडे असतं, हे तुमचं मत ठाऊक असल्यामुळेच हा कागदाचा खर्च.

तुम्ही गेलात तेव्हा ते यंत्र म्हणजे नुसता सांगाडा होता. आता ते पायाखाली घ्यायच्या बुटक्या स्टुलाएवढं धूड झालं आहे. खाली चार चाकं, वर एक हात. मैदानात पसरलेले चेंडू उचलायचे आणि आपल्या टोपलीत नेऊन टाकायचे, हेच त्याचं आयुष्य. एका वेळी चार शाळांची चार यंत्रं एकाच मैदानात सोडतात आणि चेंडू काही सगळ्यांना पुरतील इतके ठेवत नाहीत, म्हणजे पुढं काय होत असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्याला मुद्दाम उलथं पाडायला मनाई आहे, पण धक्काबुक्कीला नाही. मुलांनी यंत्राचं नाव गोगलगाय ठेवलं आहे, कारण सुरुवातीला ते चालतंय की उभं आहे हे कळायला खाली खडूनं रेघ मारून ठेवावी लागायची. बंपर लावायचा की नाही हे स्पर्धावाल्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोपवलं आहे. फक्त लावलात तर त्याचं वजन यंत्रात धरतात, आणि एकूण वजन ठरलेल्या मापावर रतीभर गेलं तरी मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. आमच्या संघात वजनाचा कारभार बघणारा जो मुलगा आहे त्याला सगळे तोळामासा म्हणतात. त्याच्या खिशात कायम ताणकाटा असतो, आणि मी दिलेलं बिस्किटसुद्धा खाण्याआधी तो टांगून बघेल अशी मला धास्ती असते.

आता पहिल्या फेरीत काय झालं ते ऐका. तुम्हाला कळलेली बातमी खरी आहे, पण अर्धी आहे. भिंगरी गोगलगायीची चालक. (तिची निवड झाली तेव्हा तिनं घरी येऊन मामीला उचललं होतं. मामीला! ज्यांनी मामीला पाहिलं आहे त्यांना यातला पराक्रम कळेल.) तुम्ही टपालानं पाठवलेले दोन इंडिकेटर, एक हॉर्न आणि दोन आरसे तिनं स्वतःच्या हातानं यंत्राला बसवले होते. बंपरचा विषय शाळेतल्या सरांनी तेव्हाच काढला होता. पण तुमचं ते वाक्य, ‘बंपर म्हणजे चालकानं आपल्या चुकीला आधीच देऊन ठेवलेली परवानगी’, तिनं प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं आणि विषय मिटला. चालवायची अक्कल असली की बंपर लागत नाही. झालं.

फेरी सुरू झाली. बाकीची तीन यंत्रं भुकेल्या पाहुण्यांसारखी चेंडूंवर तुटून पडली. आमची गोगलगाय बेतानं निघाली, डावीकडे वळायच्या आधी तिनं डावा इंडिकेटर दिला, आणि मैदानाच्या मधोमध येऊन थांबली. का? तर उजवीकडून एक यंत्र येत होतं. त्याला आधी जाऊ दिलं. मग दुसरं आलं. त्यालाही जाऊ दिलं. मग पहिलं चेंडू टाकून परत आलं, म्हणून पुन्हा त्याला. भाऊजी, प्रेक्षकांना वाटलं आमची बॅटरी उतरली. माझ्या शेजारच्या बाईंनी तर सहानुभूतीनं माझ्याकडे बघून चुकचुक केली. पण मला सगळं दिसत होतं. पोरगी दोन्ही अंगठे हातातल्या रिमोटच्या खटक्यांवर ठेवून, मान ताठ करून, अगदी तुमच्यासारखी उभी होती, आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती. तेवढ्यात बाजूनं रणगाडा आला. (हे त्या दुसऱ्या शाळेच्या यंत्राचं आम्ही ठेवलेलं नाव. खरं नाव काहीतरी फुलपाखरू वगैरे आहे.) गोगलगायीनं हॉर्न दिला. रणगाड्यानं हॉर्नला भीक घातली नाही. धाडकन आवाज झाला, कोपरा आत गेला, चाक सांगाड्यात रुतलं, बॅटरीची वायर निसटली आणि एक इंडिकेटर तेवढा शेवटपर्यंत इमानदारीनं लुकलुकत राहिला.

भिंगरी रडली नाही. ती सरळ पंचबाईंकडे गेली आणि म्हणाली, ‘चूक त्याची होती.’ त्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तिला समजावलं की बाळ, इथे चूक कोणाची ते आम्ही बघत नाही, चेंडू मोजतो. भाऊजी, त्या वाक्यानं पोरीला जेवढा धक्का बसला तेवढा गोगलगायीलाही बसला नसेल. चूक कोणाचीच नाही असं एक जग असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तिनं जेवणाला हात लावला नाही. मोडलेला कोपरा मांडीवर घेऊन बसली आणि तुमचं पत्र येईपर्यंत तुमच्या पत्राचीच वाट बघत राहिली. मला फार वाईट वाटलं, हे इथे स्पष्टच लिहितो, कारण पुढे मी जे उद्योग केले ते या वाईट वाटण्यातून केले आहेत, हौसेतून नव्हे. (हौसही होती. पण नंतर.)

मग घरात सभा भरली. सर आले, तोळामासा आला. सरांचं म्हणणं, प्रयोग करून बघू. सरांचं प्रत्येक बाबतीत हेच म्हणणं असतं. चहात साखर किती विचारलं तरी हेच. तोळामासाचं म्हणणं, बंपर फुकट येत नाही, त्याच्या वजनाइतकं दुसरं काहीतरी काढावं लागेल. आमच्या हिचं म्हणणं, यंत्राचं मागाहून बघा, आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कोपऱ्याला काहीतरी लावा. लग्न झाल्यापासून सांगते आहे. आणि भिंगरीचं म्हणणं एकच: बाबांना चालणार नाही. मी म्हटलं, बाई गं, तुझे बाबा जगातले एक नंबरचे चालक असतील, पण तू जिथे चालवतेस तिथे समोरच्यानं लायसन काढलेलं नाही. हा मुद्दा तिला जरा पटल्यासारखा दिसला. तेवढ्यावर मी मोजपट्टी काढली. घोडा जरा नरमला की लगेच स्वार व्हावं.

पहिल्या बंपरबद्दल खरं तर लिहायचं नव्हतं, पण ताई सांगेलच. भाऊजी, मी सोफे करणारा माणूस. कोपरा दिसला की मला त्यावर गादी दिसते. मी आत लाकडी चौकट घेतली, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर चांगल्यातला फोम, आणि वरून जांभळी मखमल. कडेला गोट. मधे मधे बटणं दाबून त्या खळ्या पाडतात तशा खळ्या पाडल्या. झालं तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती आणि एकानं असंच स्टूल हवं म्हणून विचारलं. गोगलगायीला तो चढवला तेव्हा ती एखाद्या संस्थानिकाच्या आजीबाईंसारखी दिसायला लागली. तोळामासानं ताणकाटा लावला आणि चष्मा पुसायला घेतला. शिवाय बंपर चहूबाजूंनी इतका ऐसपैस झाला होता की यंत्राचा हात चेंडूपर्यंत पोचेना. ती बिचारी पोट सुटलेल्या माणसानं बुटाची नाडी बांधावी तशी समोर चाचपडत होती.

तरी सर म्हणाले, प्रयोग करून बघू. प्रयोगशाळेतच केला. भिंगरीनं गोगलगाय भिंतीवर नेऊन आदळली. (तिला आदळ म्हटल्यावर ती आधी विचारून आली, नक्की आदळू ना म्हणून. मग डोळे मिटून आदळली.) यंत्राला काही झालं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. खरचटलंसुद्धा नाही. पण स्प्रिंगा अस्सल होत्या. भिंतीवर गेली त्याच्या दुप्पट जोरानं गोगलगाय परत आली, प्रयोगशाळा आडवी ओलांडून सरांच्या नडगीवर बसली, तिथून उडून कपाटावर गेली, कपाटानं तिला पुन्हा सरांकडे पाठवलं. सर दुसऱ्या वेळी टेबलावर चढले होते. त्यानंतर प्रयोग करून बघू हे वाक्य त्यांच्या तोंडून आठवडाभर निघालं नाही, हा या प्रकरणातला निव्वळ नफा.

दुसरा बंपर मी डोकं थंड ठेवून केला. मखमल नाही, बटणं नाहीत, स्प्रिंगा नाहीत. प्लायवूडची बारीक पट्टी, तिला फोमच्या दोन गुंडाळ्या, वरून घट्ट ताणलेलं काळं रेक्झिन, आतून टाचण्या. कोपऱ्यांना तेवढा दुहेरी थर, कारण लागतं ते नेहमी कोपऱ्यालाच. (गोट एक लावला. बारीक. तो माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.) हात चेंडूपर्यंत पोचला. भिंतीवर आदळली तर धप्प असा आवाज करून जागीच राहिली. सर जमिनीवरच उभे होते. सगळं जमलं, आणि तोळामासानं ताणकाटा वाचून मान हलवली. अजून थोडं जास्त होतं. काय काढायचं? चाकं काढता येत नाहीत, हात काढता येत नाही. तो मुलगा कागदावर आकडे मांडत बसला आणि मग फार हळू आवाजात म्हणाला की इंडिकेटर, हॉर्न आणि आरसे काढले तर बंपर बरोब्बर बसतो.

भाऊजी, सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मीही बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती यंत्र घेऊन माझ्या दुकानात आली. मी एका खुर्चीची बैठक शिवत होतो. ती फोमच्या ढिगावर बसली आणि तिनं विचारलं, ‘मामा, तुला बाबांनी नापास केलं तेव्हा तू काय केलंस?’ मी म्हटलं, पहिल्यांदा रागावलो, दुसऱ्यांदा रडलो, तिसऱ्यांदा हिला सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली. ती हसली. मग म्हणाली, ‘बाबा रागावतील का रे?’ मी म्हटलं, रागावतील, पण ते माझ्यावर रागावतील अशी व्यवस्था करतो, मला सवय आहे. तिनं स्क्रूड्रायव्हर मागितला. तुमचे इंडिकेटर तिनं स्वतः काढले. एकेक स्क्रू काढून माझ्या टाचण्यांच्या डबीत ठेवला, वायरी नीट गुंडाळल्या, आरसे फडक्यात बांधले. ते सगळं तिच्या उशाशी आहे. फेकलेलं नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम कळवतो आहे, कारण ती स्वतः कळवणार नाही.

आणि आता दुसरी फेरी. नशीब असं की पुन्हा रणगाडा समोर. सुरुवातीला गोगलगाय सवयीनं मधोमध जाऊन थांबली. रणगाडा बाजूनं आला आणि भरधाव येऊन धडकला. धप्प! बस्स. गोगलगाय वीतभर सरकली आणि होती तशी उभी राहिली. कोपरा शाबूत, चाक शाबूत, वायर शाबूत. भिंगरीनं मान वर केली. तिचा तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता. जन्मात पहिल्यांदा कुणाचा तरी धक्का लागला होता आणि काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. तिनं यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग, भाऊजी, तुमच्या मुलीनं गोगलगाय मागे घेतली, नीट सरळ केली, आणि रणगाड्याला मागून जी धडक दिली म्हणता! त्यानंतर ती थांबली म्हणून नाही. याला ढकल, त्याला सरकव, चेंडू हिसकाव, पळ. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते त्या दिवशी सगळ्या सभागृहानं बघितलं. पंचबाईंनी तिला एकदा समज दिली. (समज मिळाल्यावर ती लाजली नाही. खुश झाली.) शेजारच्या बाई या खेपेला माझ्यापासून जरा सरकून बसल्या. फेरी संपली तेव्हा आमची टोपली सगळ्यांत जास्त भरली होती आणि गोगलगायीच्या अंगावर रेक्झिनच्या दोन ओरखड्यांपलीकडे काही नव्हतं. संघ अंतिम फेरीत गेला आहे.

तेव्हा बंपर उपयोगी की निरुपयोगी, या वादात मी प्रामाणिकपणे सांगतो, तुमचंच वाक्य खरं ठरलं. बंपर म्हणजे चुकीला आधी दिलेली परवानगीच. तो लावल्याबरोबर पोरीनं लगेच चार चुका केल्या, त्यातल्या दोन मुद्दाम. पण भाऊजी, तेरा वर्षांत ती परवानगी तिला पहिल्यांदा मिळाली. तुम्ही तिला उत्तम चालवायला शिकवलंत. धक्का लागला तर काय करायचं हे शिकवायचं राहून गेलं, कारण तुम्हाला स्वतःला कधी लागलाच नाही. ते काम फोमनं केलं, यात मी काही फार मोठं केलं असं नाही. (थोडं केलं.)

विनंती एवढीच की तिचं नाव काढू नका. अट मोडतोडीची होती आणि यंत्राची मोडतोड झालेली नाही, हे पुन्हा एकदा अधोरेखित करतो. आणि जमलं तर अंतिम फेरीला या. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, त्याच सभागृहात. ती तुम्हाला या म्हणणार नाही, कारण आपण तुमचे इंडिकेटर काढले हे तिच्या मनाला लागून राहिलं आहे. तुम्ही दिसलात तर तिला काय वाटेल ते मी लिहीत नाही. मला तेवढं छान लिहिता येत नाही.

ताईला नमस्कार. आमची ही तुम्हाला नमस्कार सांगते आणि मला लवकर आटप म्हणते. तुमचा लोभ आहेच. तो पुढच्या चार ओळी वाचूनही तसाच राहावा, ही प्रार्थना.

आपला आज्ञाधारक (चौथ्या खेपेचा का होईना, पण पास)
मेहुणा

ता. क. गाडीबद्दल एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. नव्या बंपरच्या उत्साहात गोगलगाय अंगणात सराव करताना जरा जोरानं मागे आली आणि तुमच्या गाडीला मागच्या अंगाला तिचा निसटता स्पर्श झाला. मागचा डावा दिवा तडकला आहे आणि गाडीचा बंपर किंचित आत गेला आहे. किंचितच. यंत्राला काही झालेलं नाही, तेव्हा अटीचा प्रश्न येत नाही. आणि बंपर चेपला म्हणजे तो वाया गेला असं नव्हे, कामाला आला, हे एव्हाना तुम्हालाही पटलं असेल. तुमच्या ओळखीच्या डेंटिंगवाल्याच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी तेवढी पाठवा. तो मला तुमचा मेहुणा मानायला तयार नाही.

ता. क. २. पत्र टाकायला भिंगरीकडे देतो आहे. दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत ही तुमची शिस्त तिच्या अंगी चांगलीच बाणली आहे, म्हणून निर्धास्त आहे.

बाबा, मी भिंगरी. पत्र वाचलं. ही चूक माझी, ती आधी सांगते.

गाडीचा अपघात गोगलगायीनं केलेला नाही. तिचा बंपर माझ्या घोट्याइतका उंच आहे आणि गाडीचा दिवा माझ्या कमरेशी येतो. शिवाय त्या वेळी ती पायरीवर होती आणि बंद होती. गाडी मामा चालवत होता. उलटी. मागे फाटकाचा खांब होता, तो आपल्या जागी उभा होता. मामी मागे हात हलवून थांब थांब म्हणत होती, मामाला वाटलं ती अच्छा करते आहे. त्यानं आरशात बघितलं होतं, पण स्वतःचे केस. इंडिकेटर दिला होता, तो वायपर निघाला.

पण गाडी काढ असं त्याला मीच म्हटलं होतं. दुसऱ्या फेरीला निघालो तेव्हा बंपर लावल्यामुळे गोगलगाय त्याच्या स्कूटरवर मावेना. म्हणजे बंपर नसता तर तुमची गाडी फाटकाबाहेर निघालीच नसती. हे मामाच्या अजून लक्षात आलेलं नाही, कृपया त्याला सांगू नका. माझं नाव काढायचं असेल तर काढा, पण खऱ्या कारणासाठी काढा. मामाला चौथ्यांदा नापास केलंत तरी चालेल. जरा हळू करा.

आणि मी तुम्हाला या म्हणणार नाही असं मामानं लिहिलं आहे, ते चूक आहे. या. चूक कोणाची ते तिथे विचारत नाहीत, पण तुम्ही मला सगळं झाल्यावर विचारा, मी सांगेन. सभागृहात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवीन. तिच्यासमोर लोखंडी कठडा आहे. मी धडक दिली की तुमचा पाय ब्रेकवर जाणार हे मला माहीत आहे, म्हणून मामाला कारण न सांगता त्याच्याकडून त्या कठड्याला तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर फोम लावून घेतला आहे. काळं रेक्झिन आहे, बाहेरून कुणाला कळणार नाही.